सत्तावीस नंबरचं वासरू

"थांबा, थांबा! पान उलटू नका!" मधली चष्मिस ओरडली.

मावशी जनावरांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात तिन्ही भावंडं फरशीवर पालथी पडून एक सरकारी अहवाल वाचत होती. ऐन सुट्टीत हा कुठला उद्योग, असं धाकट्या टिल्लूने सकाळपासून दहादा विचारून झालं होतं. पण मावशी चार वर्षं एका कायद्यासाठी झगडत होती. मागणी एवढीच, की डेअरीत वासराला ठेवतात तो कप्पा त्याला वळता येईल इतका तरी रुंद हवा. आणि जवळच्याच एका डेअरीबद्दल अहवालात पाहणी अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं, 'सर्व कप्पे चार फूट रुंद. कायद्याची गरज नाही.' खाली चार कप्प्यांचे चार फोटो.

"कानातला बिल्ला बघा! सत्तावीस. इथेही सत्तावीस. इथेही!"

"अगं बाई! चारही फोटोंत एकच वासरू?" ताई उठूनच बसली.

"हौशी दिसतंय," टिल्लू म्हणाला. "सगळीकडे फोटो काढून घेतंय!"

दुपारी मावशी त्याच डेअरीत एक गाय तपासायला निघाली. बॅग उचलायला तिघंही गाडीत चढली.

फाटकाशीच एक ऐसपैस कप्पा होता. ताजा रंग, खाली स्वच्छ पेंढा. आणि रिकामा!

"काका, यात कोण राहतं?" चष्मिसने विचारलं.

"कोणी नाही. तो पाहुण्यांना दाखवायला!" मॅनेजर फोनमधून मान वर न काढता बोलून गेला.

ताईने टिल्लूला कोपराने ढोसलं. टिल्लू लगेच पुढे झाला. "काका, तुमची सगळ्यात हुशार गाय कोणती हो?" मॅनेजरची कळी खुलली. तो टिल्लूला घेऊन गाईंकडे गेला आणि दोघी बहिणी मागच्या लांबलचक शेडमध्ये शिरल्या.

आत गेल्यावर दोघींचं हसू मावळलं. फळ्या ठोकून केलेले अरुंद कप्पे, एकाला एक लागून. प्रत्येकात एक वासरू. सत्तावीस नंबर शेवटून तिसऱ्या कप्प्यात होतं. पाठमोरं. त्याने चाहूल घेऊन मान वळवली, ती फळीवर आपटली. पुन्हा वळवली, पुन्हा आपटली.

"एक फूट दहा इंच," ताईने टेप धरून सांगितलं. "काढ फोटो. लवकर!"

चष्मिसने फोटो काढला. मग फळीच्या फटीतून हात घातला, तर वासरू तिची बोटं चोखू लागलं. ती सोडवून घेणं तिला फार जड गेलं.

सोमवारी या कायद्याचा विचार करणाऱ्या समितीची सुनावणी होती. मावशीच्या परवानगीने ताई उभी राहिली. ती पाहणी अधिकाऱ्यांकडे वळली.

"साहेब, तुम्ही किती कप्पे मोजले?"

"सगळे!" अधिकारी हसले.

"मग सत्तावीस नंबरचं वासरू चारही फोटोंत कसं?" आणि तिने शेडमधला फोटो टेबलावर ठेवला.

अधिकाऱ्यांनी घाम पुसला. "डेअरीवाल्यांनी दाखवला तो मोजला. एवढ्या वासात आत कोण जाणार?"

सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष उठून उभे राहिले. "शाबास, पोरांनो! आमच्या डोळ्यांत अंजन घातलंत! हा अहवाल रद्द!" टाळ्या झाल्या. कोणीतरी तिघांचा फोटोही काढला.

मग अध्यक्ष बसले आणि त्याच आवाजात म्हणाले, "नवीन पाहणी होईपर्यंत कायद्याचा विषय स्थगित. अनुकूल?" सात हात वर गेले. विरोधात दोन.

"आपण जिंकलो ना?" टिल्लूने पायऱ्यांवर विचारलं.

"चोरी पकडलीत तुम्ही. मोठ्यांना जमलं नाही ते केलंत," मावशीने त्याच्या केसांतून हात फिरवला. "पण पाहणीला वर्ष लागेल. दीडही लागेल."

"आणि वासरं?"

"या शेडमध्ये चार महिने ठेवतात. मग विकतात." कोणाला, ते तिने सांगितलं नाही. टिल्लूनेही विचारलं नाही.

घरी शेजारपाजारचे कौतुक करून गेले. मावशी कोरा कागद घेऊन बसली.

"परत अर्ज? या वेळी होईल?" ताईने विचारलं.

"मला नाही वाटत," मावशी म्हणाली. मुलांशी ती कधी खोटं बोलत नसे.

 ताईने खुर्ची जवळ ओढली.

"तू सांग. मी लिहिते."