दोन बादल्या माती

“खुरपं खाली ठेवा आधी.”

पाठीमागून आवाज आला आणि हान्सोलच्या हातातलं खुरपं जागच्या जागी थांबलं. सकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते. भुरभुर पाऊस चालला होता आणि ती परक्या गावात, परक्याच्या रानात गुडघे टेकून माती भरत बसली होती. सबब सांगायला जागाच कुठं होती?

“चोरी करतेय,” तिनं सरळ सांगून टाकलं.

मागं उभा असलेला तरुण हसला. उंच, सावळा, गळ्यात ओला टॉवेल. “चोर खरं बोलायला लागले म्हणायचे! पण तुम्ही चार महिने उशिरा आलात. माती चोरायची ती वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या आदल्या रात्री. आपल्या चुलीला लिंपली, की जिथली माती त्या घरची बरकत आपल्या घरी.”

“मला बरकत नकोय. जीवाणू हवेत.”

“काय हवेत?”

मग हान्सोलनं सांगितलं, आणि एकदा सांगायला लागली की ती थांबत नसे. तिच्या गावची जमीन समुद्र हटवून केलेली. चाळीस वर्षं तिथं नुसता भात, सोयाबीनचा एक दाणा कधी पडलेला नाही. त्यामुळं सोयाबीनच्या मुळाशी राहणारे जीवाणूही त्या मातीत नाहीत. ते इथं होते, जिथं पिढ्यान्‌पिढ्या सोयाबीन पिकत आलं होतं.

“मूळ आधी हाक मारतं,” ती चिखलाचे हात नाचवत म्हणाली. “मातीत आपला वास सोडतं. तो ओळखून जीवाणू येतो. मग मुळावरचा केसाएवढा तंतू वाकतो, त्याला कवेत घेतो, आत नेतो. आत गाठ तयार होते. मूळ त्याला साखर देतं, तो हवेतला नत्र धरून मुळाला देतो. पण आयतं खत मिळालं ना, की मूळ हाकच मारत नाही—”

“म्हणजे पहिली हाक मुळाची?”

“हो.”

“जीवाणू लाजरा दिसतोय बिचारा.” तो तिच्याकडे टक लावून बघत होता. “मी दोग्योम. रान माझं आहे. न्या माती... पण आईला कळलं तर मला जेवायला मिळायचं नाही. घरची बरकत गेली म्हणेल.”

“पीक आलं की परत आणून देईन.”

“माती?”

“बरकत!” ती म्हणाली आणि दोन्ही बादल्या उचलून चालायला लागली. तिचे कान तेवढे लालबुंद झाले होते.

तिच्या गावच्या प्रमुखांनी, बेक काकांनी, तिला जमिनीचा एक तुकडा दिला होता, तोही तिनं महिनाभर त्यांच्या दारात ठिय्या दिला म्हणून. अट एकच. चोबोकच्या दिवसापर्यंत, म्हणजे उन्हाळ्यातलं पहिलं कोंबडीचं सूप गावात शिजेल तोवर, पिकानं जीव धरला नाही तर नांगर फिरणार. मग तिनं इंचॉन शहरात परत जायचं, आधी काम करायची त्या गोदामात खोकी बांधायला. हान्सोलनं मनाशी पक्कं केलं होतं, काही झालं तरी परत जायचं नाही.

तिनं माती सावलीत वाळवली, तांदळाच्या पेजेत कालवून बियाण्याला चोळली. उन्हात हे जीवाणू मरतात, म्हणून ढगाळ दिवस गाठून पेरणी केली. दोग्योम रोज सायकल मारत यायचा. कधी फावडं द्यायला, कधी तेच फावडं परत न्यायला. गावातल्या बायका तोंडाला हात लावून हसायच्या.

आणि पीक पिवळं पडलं.

“अगं, मूठभर युरिया टाक!” बेक काका बांधावरून ओरडले. “पोरं उपाशी मारतेस!”

“नाही टाकणार,” हान्सोल म्हणाली. आणि ती पुन्हा खुरपायला लागली.

पुढं आठवड्याभरात कडेच्या दोन सऱ्या अचानक हिरव्यागार झाल्या. हान्सोल आनंदानं नाचायचीच बाकी राहिली. “बघितलंस, दोग्योम? आले! तुमच्या रानातले पाहुणे आले! चोबोकला काकांना ह्याच सऱ्या दाखवणार!” दोग्योमनं मान हलवली, पण तिच्या नजरेला नजर दिली नाही.

चोबोकची सकाळ उजाडली. बेक काका यायच्या आधी दोग्योम धापा टाकत आला.

“हान्सोल... त्या सऱ्यांत युरिया मी टाकलाय. गपचूप, तीन आठवड्यांपूर्वी.”

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. “मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! खत दिलं की मूळ हाक मारत नाही!”

“तू सांगत होतीस तेव्हा मी... ऐकत कुठं होतो? बघत होतो.” त्यानं मान खाली घातली. “तुझं उतरलेलं तोंड बघवेना. वाटलं, दोन सऱ्या हिरव्या दिसल्या तर तू जाणार नाहीस.”

तिला रडू येत होतं, रागही येत होता, आणि त्याचे कान ओढावेसेही वाटत होते. तेवढ्यात बेक काका बांधावर आलेच.

“छान हिरव्या दिसतात की ह्या दोन!”

दोन सऱ्यांवर सगळं भागलं असतं. पण हान्सोलनं त्यातलंच एक रोप उपटलं. “ह्या खतानं हिरव्या झाल्यात, काका. मुळं बघा. जवळजवळ कोरी.” मग तिनं शेजारच्या पिवळट सरीतलं रोप हळूच खणून काढलं. खाली काय असेल ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मुळांवर मुगाएवढ्या गाठी लगडल्या होत्या.

“नुसत्या गाठींनी काय होतं?” काका म्हणाले. “आत पांढरी निघाली तर फुकट.”

तिनं नखानं एक गाठ चिरली. आत गुलाबी होतं. चांगलं गडद, जिवंत गुलाबी.

काकांनी वाकून ती गाठ बघितली. “गाठी कामाला लागल्यात,” ते पुटपुटले. “पंधरा दिवसांत हिरवं होईल सगळं. नांगर राहू दे. सूप प्यायला या दोघं.”

ते गेले आणि हान्सोल चिखलातच बसली. दोग्योम दोन हात लांब उभा होता, अपराध्यासारखा.

“असा लांब काय उभा राहतोस? ये इकडं,” ती म्हणाली.

तो तिच्याशेजारी बसला.

“पुन्हा मला न विचारता असे लाड करायचे नाहीत. मला आयतं काही नकोय. सोबत राबणारा हवाय. आवडतोस तू मला, म्हणून सांगतेय.”

“पहिली हाक मुळाची,” दोग्योम हळूच म्हणाला आणि त्याच्या चिखलानं माखलेल्या बोटांनी तिची बोटं धरली. जरा वेळानं त्याला आठवलं. “आईला कळलंय, रोज विचारते गं. दोन बादल्या बरकत कधी परत येणार?”

हान्सोल उठली, गुडघे झटकले आणि त्याच्या सायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

“चल,” ती म्हणाली. “बरकत घरी नेऊन पोचव.”