वॉल्व्ह तापेपर्यंत

गौरी-गणपती नुकते उरकले होते. पालीच्या स्टँडवर रत्नागिरीची गाडी लागली, तेव्हा राहीच्या पायाशी गोणपाटात बांधलेलं एक मोठं बोचकं होतं आणि ते तिला एकटीला उचलत नव्हतं. कंडक्टरने लांबूनच सांगितलं, बाई, फणस टपावर टाका.

"भादव्यात फणस कुठला?" तिच्या मागून कोणीतरी म्हणालं.

निळ्या शर्टातला, तिशीच्या आतला एक माणूस होता. त्याने बोचकं उचललं, जरासं तिरकं केलं आणि तसाच थांबला. आतून बारीक किणकिण आली होती.

"ह्याच्यात काचा आहेत," तो म्हणाला. "हे टपावर नाय जायचं."

रत्नागिरीपर्यंत ते बोचकं त्याने मांडीवर धरलं. हातखंब्याच्या वळणावर गाडी कलली तशी त्याने त्याला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, लहान पोराला घ्यावं तसं. राहीला हसू आलं, म्हणून तिने खिडकीबाहेर बघितलं.

काय आहे आत, असं त्याने विचारलं. वडिलांच्या गिटारचा जुना अॅम्प्लिफायर, तिने सांगितलं, वॉल्व्हचा, आत काचेच्या नळ्या असलेला, दोन वर्षं बंद पडून आहे. रामआळीत दत्ताराम रेडिओवाले आहेत, त्यांच्याकडे न्यायचा आहे.

"कसे आहेत ते दत्ताराम?"

"म्हातारे असतील. हात चांगला आहे म्हणतात, पण वेळ फार लावतात. त्यांच्याकडे रेडिओ दिला की बातम्या शिळ्या होऊन मिळतात, असं आमच्या शाळेतले गुरुजी सांगत होते."

"खरं आहे ते," तो गंभीरपणे म्हणाला.

बोचकं खांद्यावर घेऊन तो तिच्याबरोबर रामआळीपर्यंत चालत आला. दुकान बंद होतं. तिचा चेहरा उतरला. त्याने बोचकं अलगद पायरीवर ठेवलं, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"तुम्ही?" राही म्हणाली.

"वेळ लावतो ते खरं आहे," दत्ताराम म्हणाला. "म्हातारपण येईल सावकाश."

राही पालीच्या पुढच्या वाडीत प्राथमिक शाळेवर शिक्षिका होती. वय पंचवीस. घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील भागोजी. जन्मभर मुंबईला गिरणीत होते. तिथे एका गोवेकर वादकाकडून ते हवायन गिटार शिकले आणि रात्रपाळी नसेल तेव्हा लग्नाकार्यात वाजवायला जायचे. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी पट्टी सरकवत वाजवायची ती गिटार. गिरणी सोडून कायमचे गावी आले, तेव्हा ट्रंकेबरोबर गिटार आणि हा अॅम्प्लिफायर एवढंच त्यांनी आणलं. लग्नानंतर नवरा-बायको एका छपराखाली राहिली ती तिथून पुढे. चार वर्षं. मग राहीची आई, सुंदराबाई, गेली. त्या दिवसापासून भागोजींनी गिटारला हात लावला नव्हता. मशीन बिघडलंय, एवढंच म्हणायचे.

राहीला दोन चांगली स्थळं येऊन गेली. तिने नको म्हटलं. एवढ्या मुक्या घरात बापाला एकटं सोडून कसं जायचं? ते परत वाजवायला लागले असते, तर गोष्ट वेगळी होती. म्हणून तिने ते मशीन बाहेर काढलं होतं.

दत्तारामने मागची फळी उघडली. आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, पालीची दोन अंडी, आणि सगळ्यावर खाऱ्या हवेचा हिरवट थर. त्याने अंडी कागदावर उचलून खिडकीत ठेवली. मग जुना दाढीचा ब्रश घेऊन तो धूळ झटकायला बसला. राहीच्या लक्षात आलं की ह्या माणसाला खरंच घाई नाही.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती परत आली. त्याने वाळलेले कंडेन्सर बदलले होते आणि मशीनची वायर एका साध्या बल्बमधून जोडून घेतली होती.

"हा कशाला?" तिने विचारलं.

"एवढे दिवस झोपलेल्याला एकदम पुरा करंट द्यायचा नाय. आधी ह्या दिव्यातून द्यायचा. दिवा भगभगीत राहिला तर समजायचं आत कुठेतरी आग आहे. आणि उजळून मग मंद झाला, तर सगळं ठीक."

त्याने बटण दाबलं. दिवा भगभगला आणि तसाच राहिला. त्याने लगेच बंद केलं. मोठा वॉल्व्ह गेलेला होता. असा वॉल्व्ह इथे मिळायचा नाही. मुंबईला असलेल्या भावाला, रघूला, पत्र टाकावं लागेल, तो म्हणाला.

"म्हणजे बातम्या शिळ्या होणार."

"आंबणार सुद्धा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण तुम्ही येऊन बघत जा. काम कुठवर आलं ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे."

वॉल्व्ह येईपर्यंत काम पुढे सरकणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. तरी ती पुढच्या शनिवारी आली. त्याच्या पुढच्याही.

बाहेर कधी सरता पाऊस पडायचा, कधी लख्ख ऊन. तो कोणाचा तरी ट्रान्झिस्टर खोलून बसलेला असायचा आणि ती स्टुलावर बसून मुलांच्या वह्या तपासायची. शेजारचा चहावाला न सांगता दोन कप आणून ठेवायला लागला. एकदा ती म्हणाली, हे वॉल्व्ह बटण दाबल्यावर लगेच का वाजत नाहीत ते मला कधी कळलं नाही.

"आतली तार तापावी लागते. अर्धा मिनिट. तोपर्यंत नुसतं लाल दिसतं, आवाज नाय. ट्रान्झिस्टर कसा, लावला की बडबड. ह्याचं तसं नाय. हा आधी तापतो... मग बोलतो."

राहीने वही मिटली. "आमची आई तो अर्धा मिनिट मशीनच्या डब्यावर हात ठेवून उभी राहायची," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. बाबा गिटार मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत बसायचे. कोणी काही बोलायचं नाही. मग हाताला घरघर लागली की ती म्हणायची, आला. की बाबा सुरू करायचे."

दत्तारामने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

घरीसुद्धा काहीतरी हलत होतं. पहिल्या शनिवारी मशीन नेलं तेव्हा भागोजींनी मान वर केली नव्हती. तिसऱ्या शनिवारी त्यांनी जेवताना विचारलं, मुंबईसून वॉल्व्ह आला काय गो? चौथ्या शनिवारी ती घरी आली तर गिटार माळ्यावरून खाली आलेली. भागोजी लोखंडी पट्टी चिंचेने घासत होते. पाचव्या शनिवारी रघूने पाठवलेला वॉल्व्ह आला, पेढ्याच्या खोक्यात, कापसात गुंडाळून. हे तिने घरी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग दिवाळीला वाजेल." आणि नखं कापायला अंगणात जाऊन बसले.

सहाव्या शनिवारी शाळा लवकर सुटली. राही नेहमीच्या आधीच्या गाडीने आली. दुकानाच्या दाराशी तिची पावलं थांबली. दत्ताराम पाठमोरा होता. बल्ब मंद होता, विझत आलेल्या निखाऱ्याएवढा. मशीनच्या मागून वॉल्व्हचा लाल उजेड भिंतीवर पडला होता. त्याने वायरच्या टोकाला बोट लावलं आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा भरदार आवाज आला.

त्याने वळून तिला बघितलं. पटकन बटण बंद केलं.

"अजून जरा... बाकी आहे," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

"जरा म्हणजे किती?"

"एक शनिवार."

दिवा काय सांगतो हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तिने स्टूल ओढलं, वह्या काढल्या. "मग एक शनिवार," ती म्हणाली.

त्या दिवशी परतीच्या गाडीत तिला उगाचच हसू येत होतं.

सातव्या शनिवारी तो पुन्हा म्हणाला, एक शनिवार. ती पुन्हा बरं म्हणाली. आणि गाडीतून उतरली तर रस्त्याच्या कडेला भागोजी उभे. दोन वर्षांत ते घराच्या कुंपणाबाहेर फारसे आले नव्हते. आज खांद्याला दोरी अडकवून आले होते, मशीन उचलून न्यायला. त्यांनी तिच्या मोकळ्या हातांकडे बघितलं, मग गाडीच्या टपाकडे. गाडी गेली. ते घराकडे वळले.

घरी त्यांनी गिटार चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर ठेवून दिली.

"राहू दे गो," ते म्हणाले. "काय काय गोष्टी परत होत नाय."

राहीने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने ती रत्नागिरीला आली. दुकान बंद होतं. दत्ताराम मागच्या खोलीत आईबरोबर राहतो, हे तिला माहीत होतं. तिने कडी वाजवली. तो ओल्या केसांनी बाहेर आला आणि तिला बघून बावरला.

"मशीन झालेलं आहे ना?" तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली.

"कालच्या आधीच्या शनिवारीच दिवा मंद होता. मी बघितला."

"मग तेव्हा बोललात का नाय?"

"तुम्ही का नाही बोललात?"

ह्याला दोघांकडेही उत्तर होतं, पण ते दारात उभं राहून देण्यासारखं नव्हतं.

"बाबा काल दोरी घेऊन रस्त्यावर उभे होते," राही म्हणाली. "तुम्हाला ते शनिवार पाहिजे होते, मला पण पाहिजे होते. पण ते आपले नव्हते. बाबांचे होते."

दत्ताराम तसाच आत गेला. शर्टाची बटणं लावतच मशीन खांद्यावर घेऊन बाहेर आला. गाडीत त्याने ते मांडीवर धरलं, पहिल्यासारखंच.

वाडीत भातकापणी चालली होती. अंगणात पेंढ्याचे भारे पडले होते. भागोजी कोयतीला धार लावत बसले होते. दत्तारामने मशीन ओट्यावर ठेवलं. म्हाताऱ्याने ते फिरवलं, मागून आत बघितलं, मोठ्या वॉल्व्हच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरलं.

"धूळ बसली. होऊन आठ दिवस झाले ह्याला."

"हो," दत्ताराम म्हणाला. "माझी चूक."

"आणि माझी," राही म्हणाली.

भागोजींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे. शेजारच्या अंगणात कोणीतरी भात झोडत होतं, तेवढाच आवाज.

"एकदा शिमग्याला गावी आलो होतो," ते म्हणाले. "परत जायच्या दिवशी ताप आला म्हणून गिरणीत तार केली. ताप बिप काय नव्हता. हिच्या आयशीला पण माहीत होतं नाय म्हणून. तरी तिने काढा करून दिला, मी प्यालो. दोन दिवस राहिलो. परत गेल्यावर मुकादमाने शिव्या घातल्या." ते थांबले. "शिव्या विसरलो. ते दोन दिवस हायत माझ्याकडे अजून."

मग त्यांनी राहीला माळ्यावरून गिटार काढायला सांगितलं. दत्तारामने मशीन आत नेऊन घाईने वायर जोडली. दिवेलागणीला गावभर दिवे लागले की व्होल्टेज पडतं, त्याआधीच लावू, तो म्हणाला. भागोजी गिटारजवळ बसले. पण त्यांचे डोळे डब्याच्या वरच्या कडेवर गेले, जिथे कोणी उभं नव्हतं, आणि ते उठले.

"लाव तू. मी विहिरीवर हात धुवून येतो," ते दत्तारामला म्हणाले. उंबऱ्यात मागे वळून म्हणाले, "अर्धा मिनिट हाय. काय बोलायचं ते दोघांनी बोलून घ्या. मशीन बोलायला लागलं की मी कोणाचं ऐकणार नाय."

दत्तारामने बटण दाबलं. आत तारा तांबूस झाल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"व्होल्टेज जरा कमी आहे," तो म्हणाला.

"हे बोलायचं होतं?"

"नाय." त्याने हात पँटला पुसले. वॉल्व्ह लाल होत चालले होते. "राही... मला नुसते शनिवार पुरत नाय. आठवड्याचे बाकीचे दिवस पण पाहिजेत."

तिने विहिरीकडे बघितलं. रहाटाचा आवाज येत होता.

"आणि बाबा?"

"शनिवारी शाळा सुटली की तू रत्नागिरीला परत न येता इथेच यायचं. मी पालीला उतरेन. रविवारी संध्याकाळपर्यंत दोघं इथे. दर आठवड्याला. त्यांनी कंटाळून हाकलेपर्यंत."

"फार वेळ लावता तुम्ही," राही म्हणाली. "सात शनिवार लागले एवढं बोलायला."

"तापायला लागतं जरा."

ती हसली. नकळत तिचा हात डब्यावर गेला होता. लाकूड कोमट झालं होतं. तळव्याखाली आधी काहीच नव्हतं, मग दूरवरून गाडी यावी तशी बारीक घरघर आली आणि स्थिरावली.

"हो," ती त्याला म्हणाली, हळूच. मग मान वळवून, विहिरीपर्यंत जाईल अशा आवाजात, "बाबा... आला."

भागोजी ओल्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. डब्यावरच्या तिच्या हाताकडे बघत राहिले. राहीने हात काढला नाही. ते आत आले, खाली बसले, हात धोतराला कोरडे केले आणि गिटार मांडीवर घेतली.

पहिली तार छेडली तर ती उतरलेली. दोन वर्षांत सगळ्याच उतरल्या होत्या. ते एकेक खुंटी पिळत बसले, कान लावून, सावकाश. घरघर जरा जास्त वाटते म्हणून दत्ताराम उठू लागला, तर त्यांनी मानेनेच त्याला बसवलं.

"ती राहू दे. पहिल्यापासून हाय ती."

मग त्यांनी पट्टी तारेवर ठेवली आणि सरकवली. शेजारच्या अंगणातलं भात झोडणं थांबलं.