पत्र्याचा कर्णा

"ओ पाहुणं... बाहेर या आधी!"

भाविकाने बांधावरून हाक मारली खरी, पण तोवर घात झाला होता. आठवडाभर पायांनी तुडवून गुळगुळीत केलेल्या मिठाच्या वाफ्यात एक उंच मुलगा बूट घालून मधोमध उभा होता. खांद्यावर पत्र्याचा भलामोठा कर्णा.

"ही वाट नाही का?" त्याने विचारलं.

"वाट लावलीत तुम्ही."

तो हसला. ओशाळून, पण काय गोड हसला मेला!

त्याचं नाव प्रज्योत. मूळचा म्हसळ्याचा, पुण्याला विश्वाच्या जन्मावर संशोधन करणारा. पेणच्या या खाडीकडे मोबाइलचे मनोरे कमी, म्हणून आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या कर्ण्यातून ऐकायला मुक्कामाला आला होता. भाविकाच्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिठागराचा कायदा सांगितला, "ज्यानं तळ मोडला, त्यानंच तुडवाचा. उद्यापासून ये."

शिक्षाच ती. पण पोरगं रोज हजर! ओल्या चिखलात दोघं शेजारी शेजारी, एका तालात पाय आपटत. ऊन कललं की तो बांधावर कर्णा मांडायचा आणि हेडफोन तिच्या कानांना लावायचा. लावताना त्याची बोटं तिच्या केसांत जरा जास्तच रेंगाळत... तिच्या लक्षात यायचं. बोलायची मात्र नाही.

"नुसतं शूऽऽ ऐकू येतंय," ती म्हणाली.

"हायड्रोजन आहे तो. विश्वाच्या अगदी बालपणीचा. आकाशात आहे, खाडीच्या पाण्यात आहे... तुझ्या घामातही आहे."

"म्हणजे मी विश्वाइतकी म्हातारी?"

"दिसत नाहीस तेवढी."

मग तो रंगात यायचा. सुरुवातीला म्हणे सगळं जवळपास सारखं पसरलेलं होतं. कुठे कणभर जास्त, कुठे कणभर कमी. जिथे जास्त, तिथे ओढ जास्त. त्या ओढीने तारे झाले, दीर्घिका झाल्या, दीर्घिकांच्या लांबच लांब माळा झाल्या, आणि माळांच्या मधे नुसतं रिकामं. भाविका समोर बघायची. बांधांची जाळी आणि मधले मोकळे वाफे. आपली ओढ कुणाकडे कणभर जास्त आहे, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. या शहाण्याला कधी कळणार?

तळ तयार झाला, वाफ्यात पाणी सोडलं, आणि त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "दक्षिण आफ्रिकेत काम मिळालंय. मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर. तीन वर्षं."



"बरं झालं," ती म्हणाली. "मलाही रविवारी बघायला येतायत. मुलाचे बंदरावर स्वतःचे ट्रेलर चालतात."

"चांगलं आहे..."

चांगलं आहे म्हणे! तिला वाटलं, ढकलून द्यावं याला खाडीत, कर्ण्यासकट. पण तो वायरी गुंडाळत बसला होता, आणि गुंडाळलेली वायर पुन्हा सोडून गुंडाळत होता.

"आम्ही बौद्ध," तो खाली बघत म्हणाला. "तू आगरी. तुझे बाबा मला चहा देतात, ते वेगळं. मुलगी..."

"बाबांचं मी बघेन. तू तुझं सांग."

वारा खारट, झोंबणारा. मग आपलं नेहमीचंच काढलं त्याने. "विश्व पसरतंय, भाविका. दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्यात."

"सगळ्याच?"

"नाही... जवळच्या असतात त्यांना ओढ सोडत नाही. आपल्या शेजारची एक आपल्याकडेच येतेय."

"कधी पोचेल?"

"चारेकशे कोटी वर्षांनी. तीही, आली तर."

भाविकाने गळ्यातले हेडफोन काढून त्याच्या मांडीवर ठेवले. डोळे भरले होते, पण नजर वळवली नाही.

"मला तू आवडतोस, प्रज्योत. रविवारच्या पाहुण्यांना मी नाही म्हणून कळवते. तीन वर्षं थांबेन. चारशे कोटी न्हाय थांबायची... सांगून ठेवते."

त्याने वायरी तशाच टाकल्या आणि मिठाने खरखरीत झालेला तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मी येईन," तो म्हणाला. "आणि आधी तुझ्या बाबांशी बोलून जाईन. आत्ताच."