टाचेवरची काजळी

ताडपत्रीच्या कडेवरून पावसाचं पाणी गळत होतं आणि त्या धारेपलीकडे एक माणूस उभा होता – छातीशी गाठोडं धरून, आत यावं की नको अशा विचारात.

"या आत. भिजताय," साचिए म्हणाली. मान वर न करताच.

टोकियोत असाकुसाजवळच्या देवळाच्या आवारात दर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरे. लढाईच्या काळातले सैनिकी बूट जमवणारे आपापला जोड घेऊन तिच्या टेबलाशी रांग लावत. टाचेचे खिळे, तळव्यावरचा शिक्का, शिलाईचा दोरा बघून ती चिठ्ठी लिहून देई – खरा, नाहीतर खोटा. आधी वडील हे काम करत. त्यांची नजर अधू झाल्यापासून नऊ वर्षं ती करत होती. बहुतेकदा 'खोटा'च लिहावं लागे. समोरचा चेहरा उतरताना बघून बघून ती इतकी थकली होती की आता चेहऱ्यांकडे बघतच नसे. रोज सकाळी आईच्या तसबिरीपुढे पाण्याची वाटी ठेवताना तिचं एकच मागणं असे : जे डोळ्यांना दिसलं नाही, ते हातून लिहिलं न जावो.

माणसानं गाठोडं सोडलं. तपकिरी चामड्याचा, घोट्यापर्यंतचा अधिकाऱ्याचा जोड.

"माझं नाव ओरिहारा. हे आमच्या थोरल्या आजीच्या नवऱ्याचे. तो लढाईवरून परत आला नाही."

"जोडे मात्र घरी राहिले?"

"जाताना जुनेच घालून गेला. नवे परत आल्यावर घालीन म्हणाला."

"सगळे असंच सांगतात."

"म्हणजे सगळ्यांच्या आज्या एकाच घरातल्या की काय?"

तिला हसू आलं. तिनं ते भिंगामागे लपवलं.

थोरली आजी गेल्या वर्षी गेली होती. डिसेंबरात वर्षश्राद्ध, त्या दिवशी अस्थी कबरीत ठेवायच्या. जोडे सोबत ठेवा, एवढंच ती मागून गेली होती. पण काकांचं म्हणणं, लढाईनंतर असे जोडे बाजारात ढिगानं मिळत. म्हातारीनं कुठूनतरी आणले आणि वर कहाणी रचली. जाणकाराची चिठ्ठी आण, नाहीतर जोडे बंबाच्या भट्टीत टाकतो.

साचिएनं जोडे उलटे केले. शिक्का बरोबर होता. खिळेही बरोबर. पण तळवा जवळजवळ कोरा, आणि टाचेवर काळा डाग.

"जोडे त्या काळचेच आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "पण ही काजळी मुद्दाम लावलेली आहे. गोदामातला कोरा माल वापरलेला दिसावा म्हणून व्यापारी असं करायचे. हे कुणा सैनिकाचे होते, असं मी लिहू शकत नाही."

बोलता बोलता तिची नजर त्याच्या नखांवर गेली. काळी नखं. त्यानं हात बाह्यांत ओढून घेतले.

"आमचा हमामखाना आहे. मी बंबाची भट्टी बघतो… नखं अशीच असतात."

"मी काही म्हटलं नाही."

"तेच तर."

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. घासून घासून लाल केलेले दोन्ही तळहात त्यानं टेबलावर ठेवले.

"तपासा."

"हात मी तपासत नाही."

"मग हे बघा." खिशातून पाण्याची सैनिकी बाटली निघाली.

"ही खोटी आहे."

"माहीत आहे. खेळण्यांच्या दुकानातून आणली."

"मग कशाला आणलीत?"

"तुम्ही मान वर करता का, बघायचं होतं…" तो जरा थांबला. "केलीत."

मग दर रविवारी काहीतरी येऊ लागलं. पट्टा, टोपी, शिट्टी – एकाहून एक खोटं. ती चिठ्ठीवर 'खोटं' लिहून सही करी आणि तो चिठ्ठी नीट घडी घालून आतल्या खिशात ठेवी. एकदा त्यानं भाजलेलं गरम रताळं आणलं. "हे तरी खरं लिहाल?" तिनं अर्धं मोडून खाल्लं आणि म्हणाली, "कच्चं आहे." किती दिवसांनी तिचे खांदे जरासे सैल झाले होते…

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी मात्र तो रिकाम्या हातानं आला.

"बुधवारी वर्षश्राद्ध. काका उद्या नाहीतर परवा जोडे भट्टीत घालतील."

"तुम्ही चिठ्ठी मागत नाही?"

"तुम्ही न बघितलेलं लिहून दिलंत," तो म्हणाला, "तर मग मी इतके दिवस कुणाच्या चिठ्ठ्या जमवल्या?"

त्या रात्री तिला झोप लागली नाही.

मंगळवारी दुपारी ती त्याच्या हमामखान्यात गेली. पाय फार दुखतात, असं तिनं स्वतःलाच सांगितलं होतं. गरम पाण्यात बसून राहिली. बाहेर आली तेव्हा दिवस बुडाला होता आणि तिच्या जुन्या बुटाचा तळवा सुटून लोंबत होता. दुसऱ्यांचे तळवे बघता बघता स्वतःचे बघायचे राहून गेले होते. बरं झालं, येताना वाटेत नवा जोड घेतला होता. तिनं तो पिशवीतून काढून पायात घातला.

"थांबा," भट्टीकडून येता येता ओरिहारा म्हणाला. "नवे आहेत?"

"आजच घेतले."

"मग तशा बाहेर पडू नका."

तो आत गेला आणि काळा अंगठा घेऊन परतला. तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "पाय उचला."

"अहो, काय करताय –"

"दिवस बुडाल्यावर नवे जोडे घालून घरातून फक्त मेलेला माणूस निघतो. काजळी लावली की जोडे जुने होतात, म्हणजे माणूस परत येतो. थोरली आजी कुणाला तसं जाऊच द्यायची नाही. तुमच्या आईनं कधी…?"

"मी चार वर्षांची असताना आई गेली."

बाळाला तीट लावावी तसा त्यानं तिच्या टाचेखाली अंगठा टेकवला. एका पायाला, मग दुसऱ्याला. तोल जाऊ नये म्हणून तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. सदरा भट्टीच्या धगीनं उबदार झाला होता.

मग एकाएकी तिनं बूट काढला आणि उलटा केला. टाचेवर एकच गोल डाग. डागात अंगठ्याच्या रेघा.

"ओरिहारा-सान… जोडे कुठे आहेत?"

"भट्टीपाशी. काका जेवून आले की –"

"आणा आधी."

दिव्याखाली तिनं भिंग धरलं. तोच डाग, जो तिनं एकदा बघूनही बघितला नव्हता. व्यापाऱ्यानं अख्खा तळवा माखला असता. इथं दोन्ही टाचांवर एकेकच ठसा होता, तेलकट, चामड्यात मुरलेला. अंगठा अरुंद. बाईचा.

"तो संध्याकाळी निघाला होता का?"

"सातच्या गाडीनं, आजी सांगायची…" त्याचा आवाज खोल गेला. "हे तिनं लावलंय?"

"नवेच घालून निघणार होता. तिनं काजळीही लावली. मग दारात त्याचं मन बदललं."

"का?"

"ते जोड्यावर दिसत नाही," ती म्हणाली. "म्हणून लिहिणार नाही."

तिनं लिहिलं : जोडे त्या काळचे. टाचांवर बाईच्या अंगठ्याची काजळी, घरून निघणाऱ्यासाठी लावलेली. खरे. आधी सांगताना माझी चूक झाली.

काका जेवून आले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि जोडे पुन्हा कापडात बांधले. "उद्या मी नेईन," एवढंच म्हणाले. गाठ मारायला त्यांना वेळ लागला.

ओरिहारा तिला दारापर्यंत सोडायला आला.

"रविवारी आता काय आणू? खोटं सगळं संपलं."

"रिकाम्या हातानं या."

"आणि चिठ्ठी?"

"ती…" तिनं त्याच्या काळ्या नखांकडे बघितलं. या खेपेला नजर लगेच काढून घेतली नाही. "ती हात बघून देईन."

"तुम्ही हात तपासत नाही ना?"

"एकाचेच तपासणार आहे."

तो हसला नाही. काळा अंगठा मुठीत धरून दारात उभा राहिला, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत.

स्टेशन लांब होतं आणि नऊ वर्षांचा शीण काही एका संध्याकाळी उतरत नाही. नवे जोडे चावतही होते. तरी साचिए सारी वाट चवड्यांवर चालली. टाच टेकली असती, तर ठसा पुसला असता.