वजाबाकीत उरलेली मुलगी

गगनबावड्याच्या रस्त्याला ‘पेशीवाहतूक प्रयोगशाळा’ अशी पाटी लागली, तेव्हा आसपासच्या लोकांना वाटलं इथे ट्रक दुरुस्त होणार. दोघेजण डिझेलची चौकशी करूनही गेले. डॉ. हेमांगी घाटगे हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगत असे, आणि लगेच दुसरी गोष्ट सांगत असे: आठ वर्षांत दोनशे बारा उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी इथे विरघळल्या होत्या. उंदरांनंतर एक माणूसही बरं झालं होतं. ते माणूस म्हणजे तिची जुळी बहीण शुभांगी. दोघी इतक्या सारख्या, की शाळेत एकीचा मार दुसरीने खाल्लेला. शुभांगीच्या यकृतातल्या गाठीपुढे इस्पितळाने हात टेकले होते, आणि आज ती पुन्हा इचलकरंजीत गणिताचे तास घेत होती.

आता पाळी मैथिलीची होती. हेमांगीची ही एकुलती एक मुलगी, वय वर्षं अकरा, आणि गुडघ्याच्या वरच्या हाडात लिंबाएवढी गाठ.

मैथिलीचा बाप रणधीर पूल बांधणारा अभियंता होता. समजल्याशिवाय सही करायची नाही हा त्याचा बाणा. बायको घाईत होती म्हणून तिने त्याला आपल्या सहकाऱ्याच्या, डॉ. इर्शाद बागवानच्या, ताब्यात दिलं.

“पेशी म्हणजे शाहूपुरीतलं एखादं ट्रान्सपोर्टचं गोदाम समजा,” बागवान म्हणाला. “आत माल तयार होतो आणि चरबीच्या बारीक पिशवीत बांधला जातो. या पिशवीला आम्ही पुटिका म्हणतो. पुटिकेवर प्रथिनांचा पत्ता असतो. ज्या दारावर तोच पत्ता, त्याच दाराला ती चिकटते आणि आत रिकामी होते. हमाल पोतं उघडून बघत नाही, फक्त पत्ता बघतो.”

“आणि तुम्ही पोत्यात विष भरता.”

“विष भरतो आणि वर गाठीचा पत्ता घालतो.”

“तो कळतो कसा?”

“वजाबाकीनं. गाठीच्या पेशींवरचे सगळे पत्ते वाचायचे. मग निरोगी पेशींवरचे वाचायचे. दोन्हीकडे सापडतील ते खोडायचे. उरेल ती गाठ.”

हिशेब चोख होता. रणधीरने सही केली. निरोगी पेशी कुणाच्या, हे त्याने विचारलं नाही. शहाण्या माणसालाही प्रत्येक प्रश्न सुचतोच असं नाही.

तो प्रश्न प्रयोगशाळेतही कुणी विचारत नसे. तिथे घरची कुपी नावाची एक पद्धत रूढ झाली होती. अगदी सुरुवातीला एका निरोगी उंदराच्या पेशी गोठवून ठेवल्या, आणि दोनशे बारा उंदरांची वजाबाकी त्याच कुपीवरून केली. प्रत्येक वेळी नवा नमुना घ्यायचा खटाटोप कोण करणार? माणसांसाठी कुपी भरायची वेळ आली तेव्हा हेमांगीने मोठ्या हौसेने आपली अस्थिमज्जा दिली. शुभांगीची वजाबाकी तिच्यावरूनच झाली, आणि उत्तर अचूक आलं. शास्त्रज्ञांचा देवावर विश्वास नसेल, पण लागोपाठ बरोबर येणाऱ्या उत्तरावर मात्र गाढ विश्वास असतो.

बागवानने मात्र या वेळी सुचवून पाहिलं, की निरोगी नमुना मैथिलीच्याच कमरेच्या हाडातून घ्यावा. एकच सुई लागेल. हेमांगी भडकली. दोन महिन्यांत पोरीला नऊ सुया टोचून झाल्या होत्या, आणि शेवटच्या सुईला ती आईच्या हाताला कडकडून चावली होती.

“आता तिला सुई नाही,” ती म्हणाली. “माझ्या पेशी आहेत ना कुपीत? पोटची पोर आहे माझी. परकी आहे का?”

बागवानने कुपी काढली. दोनशे तेरा यशांपुढे त्याची एक शंका तोकडी पडली.

सोमवारी सकाळी विषपुटिका मैथिलीच्या रक्तात सोडल्या. मंगळवारी गुडघ्याची सूज उतरली. बुधवारी तिने साबुदाण्याची खिचडी मागून खाल्ली, आणि हेमांगी स्वच्छतागृहात जाऊन मनसोक्त रडली. गुरुवारी मैथिलीच्या तोंडात फोड आले, दुपारपर्यंत लघवी थांबली, आणि पाठीची कातडी चादरीला चिकटून सुटू लागली.

बागवानने नमुने सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पुटिका गाठीला चिकटल्या होत्या. कातडीला, आतड्याला, मूत्रपिंडालाही चिकटल्या होत्या. तो हेमांगीच्या खोलीत आला आणि उभाच राहिला.

“मॅडम, आपले उंदीर सगळे एकाच वाणाचे. पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींतच वाढवलेले, एकाला झाका नि दुसऱ्याला काढा. आणि शुभांगीताई तुमच्या जुळ्या.”

पुढचं बोलायची गरज उरली नाही. माणसाच्या प्रत्येक पेशीवर त्याच्या स्वतःच्या खुणा असतात, निम्म्या आईच्या आणि निम्म्या बापाच्या. हे हेमांगी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवत असे. मुलीतून आई वजा केली की गाठ उरते, आणि बापाकडून आलेलं सगळंही उरतं. ते मैथिलीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दारावर होतं. एक सुई वाचवण्यासाठी तिने स्वतःच्या हाताने पोरीच्या अंगभर विषाचे पत्ते लिहिले होते.

सुटलेली पुटिका माघारी बोलावता येत नाही. तिला वाटेत तोच पत्ता असलेलं दुसरं दार दाखवायचं, एवढंच हातात होतं. मैथिलीचं रक्त बाहेरच्या नळीतून फिरवायचं, आणि त्या नळीत दुसऱ्या कुणाच्या निरोगी पेशी ठेवायच्या, म्हणजे विष त्यांच्यात रिकामं होईल. हेमांगीने बाही वर केली.

“माझं रक्त घ्या. लागेल तेवढं घ्या.”

“तुमचं कसं चालेल?” बागवान खाली मान घालून म्हणाला. “तुमच्यावरचा प्रत्येक पत्ता आपण खोडलाय. त्या पुटिका तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत.”

चालणार होतं ते रणधीरचं. तो आला, पाठोपाठ त्याची आई आणि बहीण आल्या. तिघांनी दोन दिवस रक्त दिलं. नळीत थोड्या पुटिका अडकल्याही, पण बहुतेक पोती आधीच रिकामी झाली होती. हेमांगी मुलीच्या उशाशी बसून राहिली. हात धरायचा म्हटलं तर कातडी सुटत होती, म्हणून तिने नुसती चादर धरून ठेवली. शनिवारी सकाळी अकराला मैथिली गेली.

तेव्हा कुठे रणधीरने विचारलं, निरोगी पेशी कुणाच्या होत्या, आणि हेमांगीने काही न लपवता सांगितलं. कुपी, उंदीर, शुभांगी, वाचवलेली सुई, सगळं. तो पूल कोसळल्यावर नकाशा तपासावा तसं शांतपणे ऐकत होता.

“म्हणजे तिच्यात माझं जे होतं, ते शोधून शोधून मारलंस.”

“हो.”

“आणि तुझं? तुझं तरी वाचलं का काही?”

“नाही,” हेमांगी म्हणाली. “एकेका पेशीत आपण दोघंही होतो.”

रणधीरने सुई टोचलेल्या हाताची बाही खाली केली. मग तो उठून बाहेर बाकावर बसलेल्या आपल्या आईकडे गेला. हेमांगीला त्याने बोलावलं नाही.