झाकायची राहिलेली काच

बसा, दिवा जरा अलीकडे घ्या. माझं काम साधं. सकाळी संग्रहालयाचं कुलूप काढायचं, दिवे लावायचे आणि दिवसभर खुर्चीत बसून "हात लावू नका हो" म्हणायचं. खाली बड्या लोकांच्या तसबिरी आहेत. बुखारेस्टचे पाहुणे तिथंच रेंगाळतात. वरच्या दालनात काचेवरचे संत. फार पूर्वी कुणा पाद्र्यानं ट्रान्सिल्वेनियातली खेडी पालथी घालून, गाडीत गवत पसरून ते आणले. काचेच्या मागच्या अंगानं रंगवलेले, म्हणून जपायला महाकठीण. रंग सुटला की संपलं.

त्यांना जपलं नीस्तोरबाबांनी, आमच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं. रोज सगळ्या काचांवरून सुकं फडकं फिरवायचे. ऐन हिवाळ्यात, इथल्याच मागच्या खोलीत झोपेतच गेले.

आमच्यात माणूस गेलं की आरसे झाकतात, नाहीतर जीव काचेत अडकतो. मी आणि त्यांची बायको सवेतामावशी, दोघींनी चादरी घेऊन जिन्यातला आरसा झाकला, हॉलमधला झाकला, माझ्या पर्समधलासुद्धा पालथा घातला. वरचे संतही काचेचेच, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. देव तो देव, आरसा तो आरसा.

मग मावशी रोज येऊन संत निकोलाईच्या काचेसमोर खुर्ची टाकून बसायला लागल्या. मला वाटलं, प्रार्थना करतायत. एका दुपारी बाहेर बर्फ पडत होता, दालनात चिटपाखरू नव्हतं, आणि मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"टोपी घाल आधी. कान बघ कसे लाल झालेत..."

"कुणाशी बोलताय, मावशी?"

"ओरडू नकोस, वेतुरिया. इकडे ये... बघ."

संताच्या खांद्यामागच्या गडद निळ्या रंगात नीस्तोरबाबा उभे होते, लोकरी टोपी हातात घेऊन. मी गर्रकन मागे वळले. मागे कुणी नव्हतं. ओल्या लोकरीचा वास मात्र होता.

"चाळिसाव्या दिवशी जीव कायमचा निघतो म्हणतात," मावशी हळूच म्हणाल्या. "नाही निघाला तर नाही निघाला. राहू दे की. घरी नुसत्या भिंती आहेत गं..."

माझी पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मावशींची कणव आली. मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

पुढे त्या काचेवर वाफ धरायला लागली. मी पुसली, जाईना. वाफ आतून होती. सगळं शांत झालं की आतून कुणीतरी पुसल्याचा आवाज यायचा, सर्र... सर्र...

चाळिसाव्याला मावशी उकडलेल्या गव्हाचा गोड कोलिवा घेऊन आल्या. आम्ही दोघी समोर उभ्या असताना आतला हात फिरला, आणि संताच्या गालावरच्या रंगाचा टवका सुटून चौकटीत पडला. बाबांनी हात झटकन मागे घेतला. मग चूक झालेल्या पोरासारखे मान खाली घालून उभे राहिले. जन्मभर ज्याला जपलं, त्यालाच ते आता स्वतःच्या हातानं पुसत होते.

मावशींनी कोलिवा खाली ठेवला. मग त्यांनी खिडकी सताड उघडली. आम्ही दोघींनी तसबीर उतरवून खिडकीशी धरली.

"जा, नीस्तोर," त्या म्हणाल्या. "शहाणा ना तू... माझी काळजी करू नकोस. मी येते मागून."

गार वारा आत आला. काच लख्ख झाली. मावशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडल्या.

ईस्टर झाल्यावर त्याही गेल्या. या खेपेला मी चुकले नाही. त्यांच्या घरचे आरसे झाकले, इथले झाकले, वरच्या एकूणएक संतावर कापड टाकलं.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढून वर गेले. निकोलाईवरचं कापड त्यांच्या खुर्चीवर होतं, काठाला काठ जुळवून घडी केलेलं, मावशी करायच्या तशी. काचेवर वाफ होती, त्यांच्या तोंडाच्या उंचीला. फडकं फिरवलं तर पुसली गेली. या वेळी ती बाहेरून होती... काचेला नाक लावून कुणी आत शोधावं तशी.

आत कुणी नाही हो. मी रोज सांगते त्यांना, "मावशी, ते इथं नाहीत. तुम्हीच नाही का पाठवलंत?" सांगते आणि पुसते.

खुर्चीत येऊन बसेपर्यंत काच परत धुरकटलेली असते.