खदानीवरून उतरलेलं विमान

खदानीतून प्रसेनजितला वर काढलं तेव्हा कॅमेरा त्याच्या गळ्यातच होता. लेन्समधून पाणी गळत होतं. त्याची बायको समता पंचायत समितीच्या ऑफिसातून धावत आली होती. काठावर लोक रडत होते. तिला रडू आलं नाही. कॅमेरा उन्हात वाळवायला हवा, एवढंच तिच्या मनात आलं.

बुलढाण्याहून देऊळघाटकडे जाताना लागणाऱ्या त्या माळावर विमान चालवायला शिकवणाऱ्यांची धावपट्टी होती. उगवतीच्या टोकाला ही पाण्यानं भरलेली जुनी खदान, मावळतीच्या टोकाला एक मोठा लिंब. शाळा सुटली की विज्ञानाचे मास्तर प्रसेनजित कॅमेरा घेऊन तिकडे जायचे, शिकाऊ पोरांची लहानगी विमानं चढता-उतरताना टिपायचे. ज्याला एसटीची आरामगाडी परवडत नाही, त्यानं विमानाच्या मागे काय लागावं, असं गाव हसायचं. मास्तरही हसायचे, आणि पुन्हा जायचे.

निघण्याआधी ते न चुकता गच्चीवर जात आणि आळीत वाळत घातलेल्या लुगड्यांकडे टक लावून बघत. "लोकांच्या बायकांची लुगडी काय पाहून राह्यले?" समता विचारायची. "वारा पाह्यतो," ते म्हणायचे, "म्हंजे कोन्या टोकाले बसाचं ते ठरते." रविवारी तीही सोबत जायची. उन्हं कॅमेऱ्यावर आली की आपली पिवळी छत्री त्यांच्या डोक्यावर धरायची. हात भरून यायचा, पण तिला ते आवडायचं.

आता हे सगळं तिला दुसऱ्या कुणाच्या संसारातलं वाटत होतं.

ठाणेदार भाऊरावांनी जबाब घेतला तो चंद्रशेखरचा; त्या वेळी सोबत तोच होता. प्रसेनजितचा जिवलग दोस्त, बुलढाण्यात त्याचा फोटो स्टुडिओ. प्रसेनजित आपले सगळे फोटो त्याच्याकडेच छापायला द्यायचा. पुढं चंद्रशेखरलाही विमानांचा नाद लागला म्हणे. नुकताच त्याच्या एका फोटोला राज्यात पहिला नंबर मिळाला होता आणि पेपरात तो छापूनही आला होता: फुललेल्या पळसावरून उतरणारं विमान आणि डाव्या कोपऱ्यात पिवळा ठिपका. तो पिवळा पळस आहे, अशी जाणकारांनी वाहवा केली होती. पुढच्या आठवड्यात मोठा सत्कार ठरला होता.

"मास्तरची मोटरसायकल तिकडं लिंबाखाली, अन् मास्तर इकडं खदानीत. असं कसं?" भाऊरावांनी विचारलं.

"मीच त्याले माया गाडीत बसवून इकडं आनलं, साहेब. म्हटलं, सोबत काढू."

"मंग?"

"विमान खदानीवरून उतरत होतं. अगदी डोक्यावर आलं. त्याच्या चौकटीत मावत नव्हतं, तं तो मांगं मांगं सरकत गेला. मी वरडलो, पन इंजनाच्या आवाजात त्याले आयकू गेलं नाई."

मोटरसायकलचा उलगडा झाला, डोक्याला लागलेला मार खदानीतल्या दगडाचा ठरला. भाऊरावांनी अपघात लिहिला.

हा शब्द घरात पोचला आणि प्रसेनजितच्या आईनं, बनाबाईनं, अन्न सोडलं. कॅमेरा तिनं घेऊन दिला होता. लेकाचं लहानपणापासूनचं वेड, म्हणून म्हातारीनं स्वतःच्या पाटल्या मोडल्या होत्या.

"म्याच त्याच्या गळ्यात फास टाकला," ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. आधी भाकर सुटली, मग पेज, आता पाणीही चमच्यानं घालावं लागत होतं. ही अशीच चालली तर घरातून दुसरी तिरडी निघणार, असं डॉक्टर स्पष्टच बोलले. समता ते ऐकून "हाव" म्हणाली. सासूवर तिचा जीव होता, तरी भीती वाटेना. भीती वाटत नाही याचंच तिला थोडं भय वाटलं.

दुःखाच्या घरी बायका बसायला येतात. थोडं रडतात, थोडं गप्प बसतात, आणि मग गप्प बसणं जड झालं की घरच्या गोष्टी निघतात. जनकाबाई आणि शालूबाई या एकमेकींच्या शेजारणी आल्या, पण दोघींनी दोन भिंती धरल्या.

"तुमी बोलत काऊन नाई?" समतानं विचारलं. तिला उत्तराशी देणंघेणं नव्हतं; काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

शालूबाईनं संधी सोडली नाही. "हिनं खळ्यात हरभरा मळाले हडंबा लावला न् सारं कुटार, भुसा न् भुसा, माया कुरडयांवर उडवलं. बाजभर कुरडया होत्या, पोरी!"

"मी काय मुद्दाम उडवलं?" जनकाबाई उसळली. "दरसाल लावतो तसाच हडंबा लावला. कुटार दरसाल उगवतीले पडते, तिकडं माया वावरात. त्याच दिवशी वारा फिरला त्याले मी काय करू? सारं मावळतीले, हिच्या आंगनात!"

"कोन्या दिवशी?" समतानं विचारलं.

जनकाबाई हळूच म्हणाली, "मास्तर गेले त्याच दिवशी वं, दुपारच्यानं. भांडन चालू होतं तितक्यात निरोप आला."

समता उठली. बायकांना वाटलं, रडायला उठली. ती गच्चीवर गेली आणि आळीतल्या लुगड्यांकडे बघत उभी राहिली. मग खाली येऊन जनकाबाईला म्हणाली, "तुमच्याकडं चंद्रशेखरच्या फोटोचा पेपर असन तं द्या बरं."

पेपर बघितल्यावर तिनं भाऊरावांना फोन केला. विमानवाल्यांना एक प्रश्न विचारा म्हणाली, आणि उत्तर घेऊन मास्तरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्याला घरी या.

त्या दिवशी वंदना झाली. पाहुणे जेवायला मांडवात गेले. आतल्या खोलीत बनाबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. चंद्रशेखर प्रसेनजितचा मोठा फोटो चौकटीत घालून घेऊन आला. काम झकास केलं होतं, ते कबूल करायलाच हवं.

"बसा, भाऊजी," समता म्हणाली. भाऊराव दाराशी खुर्चीवर बसले होते. "मले एकदा आयकाचं होतं. शेवटचं विमान कसं आलं?"

"कशाले जिवाले तरास करून घेता, वहिनी?"

"सांगा. खदानीवरूनच आलं?"

"हाव. नेहमीसारखंच. खदानीवरून खाली येत आलं."

"उतरत होतं? चढत नव्हतं?"

"उतरत होतं. चाकं दिसत होती मले."

"अन् तुमी किती दिवसांपासून जाता तिथं फोटो काढाले?"

"दोन सालं झाली असतीन."

समतानं मान हलवली. तिचा आवाज चढला नाही. वाणसामान सांगावं तशी ती बोलत गेली.

"विमान वाऱ्याले तोंड देऊन उतरते, भाऊजी. आपल्याकडं बहुतेक मावळतीचा वारा राह्यते, म्हनून विमानं उगवतीकडून, खदानीवरून येतात. फोटोही तिथलेच जास्त. पन त्या दिवशी दुपारी वारा फिरला. जनकाबाईचं कुटार शालूबाईच्या कुरडयांवर गेलं, म्हंजे वारा उगवतीचा होता. तशा वाऱ्यात विमान लिंबाकडून उतरते. म्हनून तुमचे दोस्त लिंबाखाली गाडी लावून बसले होते."

चंद्रशेखर भाऊरावांकडे बघून हसला. "कुटारावरून काय ठरते, साहेब?"

"मी विचारलं विमानवाल्याहिले," भाऊराव म्हणाले. "त्या दुपारी वारा फिरल्यापासून एकही विमान खदानीवरून उतरलं नाई. सारी लिंबाकडून उतरली."

"मंग... मंग माया ध्यानातून गेलं असन."

"ध्यानात राहाले तिथं बसा लागते," समता म्हणाली. "जो एक महिना जरी तिथं बसला, तो आधी वारा पाह्यते. तुमी कधीच बसले नाई. विमान कसं उतरते ते तुमाले स्टुडिओत छापाले आलेल्या फोटोंवरून माहीत. त्यात बहुतेक खदानीवरूनच येते, म्हनून तुमी तसंच सांगतलं."

तिनं पेपर त्याच्यापुढे ठेवला आणि पिवळ्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"हा पळस नोहे. ही मायी छत्री आहे, तिची कड चौकटीत आली. हा फोटो काढताना मी बाजूले उभी होती. तुमच्या दोस्तानंही हा पेपर पाह्यला असन. तुमाले काय म्हनाले?"

चंद्रशेखरच्या मांडीवर अजून ती चौकट होती. तो काचेवरून हात फिरवत राहिला.

"'फोटो तुया नाई हे सत्काराच्या आधी सांगून टाक,' म्हने," तो शेवटी म्हणाला. "रागावला बी नाई. 'चल, मीच तुयाबरोबर येतो, दोघं सांगू,' म्हने. लोकं आयकतीन म्हनून मी त्याले खदानीकडं घेऊन गेलो. पाया पडलो. तो हसून कॅमेरा पुसत बसला... अख्खा गाव थुंकला असता, वहिनी. मी ढकललं."

भाऊराव उठले. चौकट त्यांनी त्याच्या मांडीवरून काढून घेतली आणि भिंतीला टेकवली. मांडवातून जाताना जेवणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. चंद्रशेखर खाली मान घालून त्यांच्यामधून गेला.

समता आतल्या खोलीत आली. बनाबाईनं कूस बदलली होती. डोळे उघडे होते.

"आयकलं म्या," ती म्हणाली. आवाज कोरडा पडला होता. "म्हंजे कॅमेऱ्यानं नाई गेला तो?"

"नाई, आई."

"पाय घसरला नाई त्याचा?"

"नाई. विमान पाहत नव्हतेच ते तवा."

"शेखरले म्या माया हातानं वाढलं वं... लेकाच्या ताटात बसून जेवला तो." म्हातारी रडली. छातीवर हात मारून, गळा काढून, इतके दिवस कोंडलेलं सगळं रडली. समता तिची पाठ चोळत राहिली. खूप वेळानं बनाबाई शांत झाली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "भाकर हाय का घरात?"

समतानं चूल पेटवली. पीठ मळलं, भाकर थापली, तव्यावर टाकली. भाकरीचा वास घरभर पसरला आणि तिच्या पोटात कळ उठली. भूक होती ती, साधी, सणसणीत भूक. प्रसेनजित नव्हता आणि तिला भूक लागली होती. तिला स्वतःचा इतका राग आला की भाकर उलटताना हात भाजला, आणि तो भाजल्याचं तिला कळलं. तिथंच चुलीपुढे बसून ती पहिल्यांदा रडली.